निर्दोष सुटलेले कसब

चित्रपट काढल्याबद्दल मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला ज्याच्यावर चालला, असा नाझी काळातला जर्मन दिग्दर्शक एकच : फाइट हारलान. २३ एप्रिल १९४९ रोजी हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, तेव्हा बाहेर जमलेल्या चाहत्यांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. ऑशविट्झची छावणी मुक्त होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, खटला पुन्हा चालला आणि एप्रिल १९५० मध्ये हारलान दुसऱ्यांदा सुटला. पुढे त्याच्याच एका चित्रपटावरून उद्भवलेला वाद पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत गेला. १९५८ साली तिथे लागलेला निकाल आजही जर्मनीत विचारस्वातंत्र्याचा पाया मानला जातो. एका दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा हा प्रवास विचित्र आहे, आणि कला व जबाबदारी यांच्याबद्दल आपण सहज बोलून जातो त्या बऱ्याच गोष्टी तो खोट्या पाडतो.

‘दिग्दर्शक म्हणून थोर, माणूस म्हणून चुकला’ अशी वाटणी हारलानच्या बाबतीत नेहमी केली जाते. तंत्र एका पारड्यात, विचारसरणी दुसऱ्यात. मला ही वाटणी मुळातच मान्य नाही. त्याचा अपराध त्याच्या कसबातच होता. ते कसब नसते तर अपराधही घडला नसता.

हे समजायला ‘यूड झ्यूस’ कडे जावे लागते. सप्टेंबर १९४० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात आणि मग बर्लिनमध्ये झळकलेल्या या चित्रपटाची कथा अठराव्या शतकातली. योजेफ झ्यूस ओपेनहाइमर हा व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकचा ज्यू वित्तसल्लागार. ड्यूक अचानक वारल्यावर दरबाऱ्यांनी आणि प्रजेने सगळा राग या माणसावर काढला आणि १७३८ साली श्टुटगार्टमध्ये त्याला फासावर चढवून त्याचे प्रेत लोखंडी पिंजऱ्यात टांगून ठेवले. लिऑन फॉइष्टवांगर या ज्यू कादंबरीकाराने १९२५ साली त्याच्यावर सहृदय कादंबरी लिहिली होती. हारलानने त्या माणसाचा वासनांध, कारस्थानी खलनायक केला. चित्रपट जर्मनीत आणि व्याप्त युरोपात मिळून सुमारे २ कोटी लोकांनी पाहिला. एसएसचा प्रमुख हिमलर याने सप्टेंबरच्या अखेरीस आदेश काढला की एसएस आणि पोलीस दलातल्या प्रत्येकाने येत्या हिवाळ्यात तो पाहावा.

चित्रपट अजिबात कंटाळवाणा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. सुरुवातीला फ्रँकफुर्टच्या ज्यू वस्तीतला झ्यूस दिसतो तो दाढी, कल्ले आणि लांब झगा अशा वेषात. मग तोच चेहरा पडद्यावर विरघळतो आणि त्याच जागी दाढी केलेला, उंची पोशाखातला, बग्गीतून शहराकडे निघालेला देखणा गृहस्थ उमटतो. एक शब्दही न बोलता प्रेक्षकाला सांगून टाकले जाते की तुमच्यासारखा दिसणारा हा माणूस तुमच्यातला नाही, वरचे आवरण काढले की आत तो जुनाच आहे. पुढे झ्यूस ड्यूकसमोर नाण्यांचा ढीग ओततो आणि ती चकाकणारी नाणी विरघळून नाचणाऱ्या पोरींचा ताफा होतात. पैसा, वासना आणि सत्ता यांचे नाते दोन चित्रांच्या सांध्यात बसवलेले आहे. तिथे युक्तिवाद नाही, म्हणून तो खोडता येत नाही. प्रेक्षकाला वाटते की हे आपले आपल्यालाच दिसले.

मग तो कुप्रसिद्ध प्रसंग येतो. चित्रपटाची नायिका डोरोथेआ हिचा नवरा कैदेत आहे, त्याला यातना दिल्या जात आहेत आणि ती झ्यूसकडे दयेची भीक मागायला आली आहे. खिडकीतल्या रुमालाच्या खुणेवर छळ चालू-बंद होतो. कॅमेरा एकदा इथे, एकदा तिथे. वर तिच्या अब्रूवर घाला, खाली नवऱ्याच्या किंकाळ्या. शेवटी ती नदीत जीव देते आणि मशालींच्या उजेडात तिचे प्रेत पाण्याबाहेर काढले जाते. यानंतर झ्यूसला फाशी व्हावी असे न वाटणारा प्रेक्षक सापडणे कठीण. त्याला कोणी ज्यूंचा द्वेष करायला सांगितलेले नसते, एका निरपराध बाईसाठी रडायला सांगितलेले असते. दुःख खरे असते, डोळ्यांत पाणी खरे असते आणि त्या पाण्यातून द्वेष आत जातो.

याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रिट्झ हिप्लरचा ‘डेअर एविगे यूडे’ हा माहितीपट आला. विषय तोच, हेतू तोच. त्यात ज्यू वस्तीतल्या माणसांच्या चित्रांना उंदरांच्या झुंडींची चित्रे जोडलेली होती. सामान्य प्रेक्षकाने त्याकडे पाठ फिरवली. राजवटीच्या गुप्त अहवालांतही नोंद आहे की लोकांना तो किळसवाणा वाटला आणि ‘यूड झ्यूस’ पाहिल्यावर याची काही गरज उरली नाही असे ते म्हणत होते. हिप्लरजवळ द्वेष होता, पण गोष्ट सांगायचे अंग नव्हते. हारलानने केलेले नुकसान त्याच्या गुणवत्तेच्या प्रमाणात होते, याचा आणखी पुरावा कशाला हवा? व्हेनिसमध्ये त्या चित्रपटाची स्तुती करणाऱ्यांत मिकेलांजेलो अँटोनिओनी हा तरुण समीक्षकही होता, हे इथे आठवते आणि वाईट वाटते. पुढे ज्याने स्वतः इतके सूक्ष्म सिनेमे केले, त्या डोळ्यालाही तेव्हा फक्त सफाई दिसली.

ही हातोटी एका चित्रपटात आलेली नाही. हारलान १८९९ साली बर्लिनमध्ये लेखकाच्या घरी जन्मला, नट म्हणून वाढला आणि १९३५ पासून दिग्दर्शन करू लागला. १९३७ चा ‘डेअर हेर्शर’ गेऱहार्ट हाउप्टमानच्या नाटकावर बेतलेला. म्हातारा कारखानदार, त्याची तरुण प्रेयसी आणि इस्टेटीवर डोळा ठेवणारी मुले, असे घरगुती नाटक. हारलानच्या हातात त्याचा शेवट असा झाला की कारखानदार सगळी मालमत्ता राष्ट्राला देऊन टाकतो. प्रचारमंत्री गोबेल्सची मर्जी बसली ती तेव्हापासून. १९३९ च्या ‘डी राइजे नाख टिल्झिट’ मध्ये संसारात बिब्बा घालणारी बाई पोलिश आहे. ज्या वर्षी पोलंडवर हल्ला झाला त्या वर्षीचा हा चित्रपट. त्याच कथेवर मुर्नाऊने १९२७ साली ‘सनराइज’ केला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की एकाच कथेतून करुणा आणि संशय अशा दोन्ही गोष्टी कशा काढता येतात ते दिसते.

आणि १९४२ चा ‘डी गोल्डेने श्टाट’ : ॲग्फाकलर या रंगतंत्राच्या ऐन बहरातला, प्रचंड गर्दी खेचणारा. गावाकडची जर्मन मुलगी प्रागच्या मोहात पडते, चेक नातलगाकडून तिला दिवस जातात आणि ती दलदलीत जीव देते. ज्या नाटकावर चित्रपट बेतला होता त्यात मरतो तो बाप. मुलीने मरावे हा बदल गोबेल्सच्या आग्रहाने झाला, कारण चेक रक्ताचे मूल जगलेले त्याला चालणार नव्हते. डोरोथेआ काय किंवा ही ॲना काय, दोन्ही भूमिका हारलानची स्वीडिश पत्नी क्रिस्टिना झ्योडरबाउम हिच्याच. ती इतक्यांदा पाण्यात बुडून मेली की लोकांनी तिला ‘राइशचे जलप्रेत’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. लोक हसत होते, पण पुन्हा पुन्हा तिकीट काढून जात होते. परक्या पुरुषाचा स्पर्श झालेल्या स्त्रीला जगायचा अधिकार नाही, ही शिकवण भाषणातून दिली असती तर निम्मे लोक उठून गेले असते.

आपली मुलगी, त्यांचा पुरुष आणि बाटलेली अब्रू या तीन गोष्टी जुळवून जमाव उभा करायची युक्ती जर्मनीपुरती नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. हारलानचा अभ्यास करावा तो यासाठी. ‘कलेत राजकारण आणू नका’ असे बजावणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. राजकारण कलेत बाहेरून येत नाही, कोणासाठी रडायचे हे ठरवण्यातच ते असते.

आता त्याच्या बचावाकडे. हारलानने आयुष्यभर एकच सांगितले : मला भाग पाडले, मी नकार देऊ शकत नव्हतो, मी नुसता कलावंत होतो. यात थोडे तथ्य आहे. चित्रपट मुळात त्याच्याकडे नव्हता. पटकथा आधीच लिहिलेली होती, दिग्दर्शकही दुसरा नेमलेला होता, आणि गोबेल्सने १९३९ च्या अखेरीस काम हारलानकडे सोपवले. त्या राजवटीत मंत्र्याला तोंडावर नाही म्हणणे सोपे नव्हते. पण सोपवलेले काम त्याने कसे केले? पटकथा त्याने नव्याने लिहिली. त्याच्या नव्या कल्पनांवर गोबेल्स खूश असल्याची नोंद गोबेल्सच्या रोजनिशीत आहे. प्रार्थनास्थळाच्या दृश्यासाठी त्याने प्रागमधले खरे ज्यू लोक उभे केले. १९४१ च्या ऑक्टोबरपासून त्याच प्रागमधून ज्यूंना घेऊन जाणाऱ्या गाड्या सुटू लागल्या. नाइलाजाने काम करणारा माणूस काम उरकतो. हारलानने ते रंगवले.

नाइलाज म्हणजे काय याचे उदाहरण त्याच्या आसपासच होते. योआखिम गॉटशाल्क हा लोकप्रिय नट, त्याची पत्नी ज्यू. घटस्फोट घे म्हणून त्याच्यावर दबाव आला. त्याने ऐकले नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये पत्नी आणि लहान मुलाला छावणीत पाठवण्याची वेळ आली, तेव्हा तिघांनी एकत्र मरण पत्करले. गॉटशाल्कसारखे सगळ्यांनी वागावे असे मी म्हणणार नाही, तशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. पण मरण पत्करणे आणि ‘यूड झ्यूस’ काढणे यांच्यामध्ये जागा बरीच होती. सामान्य दर्जाचा चित्रपट काढून मोकळे होता आले असते. आजारपण, दुसरे काम, दिरंगाई, सरकारी व्यवस्थेत माणसे अंग काढून घेतात त्या शंभर वाटा होत्या. हारलानची स्वतःची पहिली पत्नी डोरा गेऱझोन ही ज्यू गायिका आणि नटी. विशीतला तो संसार दोन वर्षांतच मोडला होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिला दुसऱ्या पतीसह आणि दोन लहान मुलांसह ऑशविट्झमध्ये मारण्यात आले. पुढच्याच महिन्यात, उफा या चित्रपट कंपनीच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, हारलानला सरकारने प्राध्यापक ही मानाची पदवी दिली.

न्यायालयाला हे सगळे तोलायचे होते, आणि ते त्याला जमले नाही. पहिल्या निकालात म्हटले गेले की चित्रपट आणि ज्यूंचा छळ यांत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दुसऱ्या निकालात न्यायालय बरेच पुढे आले. गुन्ह्याची लक्षणे पूर्ण झाली आहेत, पण आरोपीने ते जबरदस्तीखाली केले, म्हणून तो शिक्षेस पात्र नाही, असे ठरले. हा निकाल देणाऱ्या न्यायासनाचा प्रमुख वाल्टर ट्यूरोल्फ होता, जो नाझी काळात हॅम्बुर्गच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होता आणि ज्याने किरकोळ गुन्ह्यांसाठी माणसांना मृत्युदंड मागितला होता. जबरदस्तीचे माप हारलानच्या पदरात घालताना तो स्वतःच्याही पदरात घालत होता. चित्रपटाच्या पटकथेचे काम जवळून पाहिलेली कारेना नीहॉफ ही पत्रकार साक्षीला उभी राहिली, तेव्हा प्रेक्षकांतून तिला ज्यूद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. १९५० साली, भर न्यायालयात.

कार्यकारणभावाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखादा चित्रपट पाहून कोणी कोणाला मारले, हे दाखवायचे कसे? बंदुकीची गोळी कुठून निघाली ते सांगता येते, मनात शिरलेल्या चित्राचे तसे नसते. तरीही उत्तर मिळाले, फक्त उशिरा. १९६३ च्या डिसेंबरात फ्रँकफुर्टमध्ये ऑशविट्झच्या पहारेकऱ्यांवर खटला सुरू झाला. त्यात श्टेफान बारेट्स्की या आरोपीने सांगितले की छावणीतल्या एसएसवाल्यांना ‘यूड झ्यूस’ दाखवला जाई, आणि दुसऱ्या दिवशी कैद्यांचे काय हाल होत ते वेगळे सांगायला नको. हारलान १३ एप्रिल १९६४ रोजी काप्री बेटावर वारला, हा खटला चालू असतानाच. त्याच्या बचावाला सगळ्यात सणसणीत उत्तर एका पहारेकऱ्याने दिले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बाद होते.

हारलानच्या बाजूने एक आक्षेप असा आहे की त्याला बळीचा बकरा केले गेले, आणि तो आक्षेप मी नाकारत नाही. मनोरुग्णांच्या हत्येला सहानुभूती मिळवून देणारा ‘इष क्लागे आन’ काढणारा वोल्फगांग लीबेनआइनर युद्धानंतर उजळ माथ्याने काम करत राहिला. दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल नाझींची नुसती ‘सहप्रवासी’ ठरून सुटली. एका हारलानकडे बोट दाखवले की बाकीच्या साऱ्या चित्रपटसृष्टीला नामानिराळे राहता येत होते. अन्याय झाला असेल तर तो असा की बाकीचे कठड्यात आले नाहीत. त्याने हारलानचा वाटा कमी होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. हारलानने ‘ओप्फेरगांग’ ही काढला, डिसेंबर १९४४ मध्ये आलेला. त्यात ज्यू नाहीत, शत्रू नाही, घोषणा नाहीत. आजारी पडून अंथरुणाला खिळलेली एल्स खिडकीतून रोज आपल्या प्रियकराची वाट पाहते. तो घोड्यावरून जाताना तिला अभिवादन करतो, तेवढ्यावर ती तग धरून आहे. तो स्वतः आजारी पडतो, तेव्हा त्याची पत्नी त्याचे कपडे चढवून घोड्यावर बसते आणि सवतीला जगवण्यासाठी तिच्या फाटकापाशी जाऊन हात उंचावते. हे दृश्य सुंदर आहे. त्यातले रंग, त्यातला संयम, स्त्रीने स्त्रीसाठी केलेले ते सोंग, हे सारे मनात घर करते. मग हे तरी निर्मळ कसब म्हणायचे की नाही?

पण त्या हिवाळ्याची जर्मनी आठवा. शहरे बेचिराख, दररोज हजारो मृत्यू, आणि पडद्यावर मरण फुलांच्या रंगात न्हालेले, अर्पण म्हणून स्वीकारलेले. पुढच्या महिन्यात, ३० जानेवारी १९४५ रोजी, ‘कोलबेर्ग’ आला. नेपोलियनच्या वेढ्यात शेवटपर्यंत लढणाऱ्या शहराची ही गाथा. तिच्यासाठी आघाडी कोसळत असताना हजारो सैनिक पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले. ८० लाखांहून अधिक राइशमार्क त्यावर उधळले गेले. वेढ्यात अडकलेल्या ला रोशेलमध्येही त्याची प्रत पोचवली गेली. मार्चमध्ये खरे कोलबेर्ग पडले आणि गोबेल्सने ती बातमी दडपली. ‘कोलबेर्ग’ मध्ये जे आरडाओरड करून सांगितले तेच ‘ओप्फेरगांग’ ने हळुवारपणे सांगितले होते. त्यातले सौंदर्य खोटे नाही, पण ते कोणाच्या कामी आले हे विसरून त्याची तारीफ करणे मला जमत नाही.

कायद्याला हारलान पेलला नाही, पण एका नागरिकाला पेलला. एरिष ल्यूट हा हॅम्बुर्गच्या शासकीय वृत्तविभागाचा प्रमुख. सप्टेंबर १९५० मध्ये जर्मन चित्रपट सप्ताहाच्या उद्घाटनात त्याने चित्रगृहांना आणि प्रेक्षकांना आवाहन केले की हारलानच्या ‘उन्श्टेर्ब्लिषे गेलीप्टे’ या नव्या चित्रपटावर बहिष्कार घाला. निर्दोष सुटलेल्या माणसावर बहिष्कार कसा, असे विचारल्यावर त्याने जाहीर पत्र लिहून उत्तर दिले की ती सुटका नावापुरती आहे, निकालपत्रातली कारणे वाचली तर ती नैतिक दोषारोपच आहेत. चित्रपट कंपन्यांनी दावा लावला. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्याचे तोंड बंद केले : धंद्याचे जाणूनबुजून नुकसान करणे म्हणजे सभ्यतेला सोडून वागणे. ल्यूट कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयात गेला, सहा वर्षांहून अधिक काळ थांबला. दरम्यान १९५२ साली फ्रायबुर्गमध्ये हारलानविरुद्ध निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी बदडून काढले. १५ जानेवारी १९५८ रोजी घटना न्यायालयाने ल्यूटच्या बाजूने निकाल दिला. मूलभूत हक्क सरकारपासून बचाव करण्यापुरते नाहीत, ती मूल्यांची व्यवस्था आहे आणि खासगी दाव्यांतही तिचाच प्रकाश पडला पाहिजे, असे त्यात ठरले. सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नावर बोलणाऱ्याला धंद्याच्या नुकसानीचे कारण दाखवून गप्प बसवता येणार नाही.

या निकालात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की ल्यूटने बंदी मागितली नव्हती. हारलान चित्रपट काढत राहिला, १९५८ पर्यंत. कोणीही त्याचा कॅमेरा हिसकावला नाही. ल्यूट म्हणत होता एवढेच की मी हे पाहणार नाही, तुम्हीही पाहू नका, आणि का ते मला मोठ्याने सांगू द्या. प्रेक्षकाच्या मनावर ज्या कसबाने ताबा मिळवला, त्याच्याशी प्रेक्षकानेच भांडायचे. सरकारी कात्रीपेक्षा ही वाट कितीतरी चांगली आहे. कात्री राजवटीबरोबर हात बदलते. गोबेल्सजवळही ती होतीच.

आज ‘यूड झ्यूस’ जर्मनीत सरसकट दाखवता येत नाही. हक्क वीसबाडेनच्या मुर्नाऊ प्रतिष्ठानकडे आहेत. आधी प्रास्ताविक आणि नंतर चर्चा असेल तरच ते प्रदर्शनाला परवानगी देतात. ऐंशी वर्षांनंतर ही अट हास्यास्पद आहे, आजचा प्रेक्षक इतका भोळा नाही, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. भोळा प्रेक्षक तेव्हाही नव्हता, अँटोनिओनीही नव्हता. अट राहावी. मात्र चर्चा बहुतेक वेळा ओपेनहाइमरचा खरा इतिहास आणि चित्रपटातला खोटेपणा यांच्यात अडकते, आणि ते पुरेसे नाही. प्रेक्षकाला चुकीची माहिती दिली गेली एवढीच तक्रार असती तर ती पुस्तकाने दुरुस्त झाली असती. ज्या क्षणी पाहणाऱ्याच्या मनात राग उसळतो, तिथे चित्रफीत थांबवून तो राग कोणत्या चौकटीने, कोणत्या सांध्याने, कोणत्या किंकाळीने निर्माण केला ते दाखवायला हवे. हारलानचा मुलगा थोमास याने बापाच्या पिढीतले मारेकरी शोधण्यासाठी पोलंडच्या दफ्तरखान्यांत वर्षे घालवली आणि नावानिशी माणसे बाहेर काढली. चित्रपटाच्या अभ्यासकांनी तीच चिकाटी पडद्यावरच्या दृश्यांसाठी वापरावी, आणि चित्रपट शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेत हारलान याच अंगाने शिकवला जावा. त्याच्यासारखे हात असलेली मुले तिथे दरवर्षी दाखल होत असतात.